पहिलं गिऱ्हाईक

“मागचा संडास काढून टाका,” अध्यक्ष म्हणाले. “तिथे सहा खुर्च्या बसतील.”

“आणि प्रवाशांनी काय करायचं, साहेब?” विमान बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने विचारलं.

“तीन तासांचा तर प्रवास! माणसानं घरून उरकून यावं.”

दोघं पोट धरून हसले. तिसरा हसला नाही. त्याच्या छातीवर ‘खरेदी प्रमुख’ अशी पट्टी होती आणि कोट काखेत काचत होता.

ते उभे होते ते खरं विमान नव्हतंच. येऊ घातलेल्या विमानाचा लाकडी नमुना होता. आतून हुबेहूब, बाहेरून नुसत्या फळ्या आणि खिळे. मधून एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या. लहान विमानांहून थोडं मोठं, मोठ्यांहून पुष्कळ स्वस्त. बघायला येणाऱ्या सगळ्यांना ते आवडायचं, आणि विकत कोणीच घ्यायचं नाही. या धंद्याची रीतच तशी. पहिली उडी आपण मारायची नाही. शेजाऱ्याने मारली की मात्र क्षणभरही काठावर थांबायचं नाही.

अध्यक्षांनी खिशातून खारे दाणे काढून तोंडात टाकले आणि तेलकट हात नव्याकोऱ्या खुर्चीला पुसले. मग करंगळीच्या नखाने दात कोरले, निघालं ते पाहिलं आणि पुन्हा खाल्लं. खरेदी प्रमुखाला शिसारी आली. त्याहून जास्त स्वतःची आली. अशा माणसामागे मान डोलवत फिरायचं म्हणजे आपणही त्याच माळेचे मणी.

दाराशी पावलं वाजली. पांढऱ्या केसांच्या एक बाई आत आल्या. एका छोट्या विमान कंपनीच्या त्या मालकीण. नवऱ्यामागे नऊ जुनी विमानं त्यांनी एकटीने चालवत ठेवली होती.

विक्री अधिकाऱ्याचा आवाज एकदम चढला. “चाळीस विमानं! म्हणजे सुरुवातीची सगळीच तुम्ही नेणार, साहेब. बाकीच्यांनी काय करायचं?”

“थांबायचं,” अध्यक्षही तेवढ्याच मोठ्याने म्हणाले. “आमचं काय जातंय!”

बोलत बोलत ते दोघं पुढे गेले. बाई शेवटच्या रांगेत बसल्या आणि त्यांनी खरेदी प्रमुखाला शेजारी बसायची खूण केली.

“दाराबाहेरून ऐकलं मी. हा संडास खरंच काढणार तुम्ही?”

“साहेब म्हणतात.”

“मी नाही काढणार. लग्नाआधी मी हवाई सुंदरी होते. एकदा एक आजोबा रांगेत उभे होते. त्यांना धीर निघाला नाही. सगळ्यांसमोर. नंतर उतरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही हो.”

त्याने वळून संडासाच्या बंद दाराकडे पाहिलं.

“एक विचारू?” बाईंनी आवाज खाली आणला. “माझी जुनी विमानं अजून काही वर्षं रेटता येतील. ही घ्यायची तर कंपनी गहाण पडेल. तीनशे घरांच्या चुली आहेत माझ्या भरवशावर. पण तुमच्यासारखी मोठी मंडळी घेताहेत, म्हणजे विमानात दम असणारच. तुम्ही जाणकार. माझ्या जागी तुम्ही असतात तर?”

“मी तुमच्या जागी कसा असणार, बाई?”

“तरीपण?”

घेऊ नका, हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पुढून अध्यक्षांनी घसा खाकरला.

“थांबलात तर रांगेत शेवटी जाल,” तो म्हणाला. एकदाही न अडखळता म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. “देवासारखे भेटलात. या बाजारात एक तरी सरळ माणूस निघाला.”

 तोंडावर हात दाबून तो मागच्या संडासाकडे धावला आणि त्याने दार ओढलं. आत भिंत होती. नमुन्यात संडासाचं फक्त दारच बसवलं होतं. आलेलं सगळं त्याने गिळलं.

बाईंनी त्याच दुपारी बारा विमानांसाठी सही केली. त्यांची पाठ वळताच, पहिलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून विक्री अधिकाऱ्याने पेढे वाटल्यासारखे सगळ्यांशी हात मिळवले.

परतताना बसमध्ये अध्यक्ष खुशीत होते. “बाईंनी विचारल्यावर केवढा थांबलास रे! मला वाटलं, आता संपलं सगळं.”

“उत्तर सुचत नव्हतं,” तो म्हणाला.

“पण थांबलास तेच बरं झालं. खरं वाटलं.”

नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत अध्यक्षांनी मिशी सोलून आरशाच्या कडेला चिकटवली, कोट झटकून कपडेवाल्याकडे दिला आणि म्हणाले, “सकाळी चाळीस विमानं घेतली, आणि आता घरी जायचं ते चालत!” कपडेवाला हसला. खरेदी प्रमुख छातीवरची पट्टी काढायला लागला, तसा अध्यक्षांनी त्याचा हात धरला. “राहू दे, राहू दे. विक्रीवाल्या साहेबांनी बाईंना विमानं सोपवायच्या समारंभाचं कामही आपल्यालाच दिलंय. बाईंनी मुद्दाम सांगितलंय म्हणे, त्या सरळ माणसाला पहिल्या रांगेत बसवा.”