अंगणातली निळी पाटी

"दार फोडा, भिंतींना रक्त फासा, सोफा फाडून ठेवा. पण ही पाटी माझ्या अंगणात रोवायची नाही," व्हर्नन स्टकीने सांगून टाकलं.

दिग्दर्शिका डेलाने त्याला गोष्ट पुन्हा समजावली. शेजारी शेजारी दोन कुटुंबं, एक लाल पक्षाचं, एक निळ्या पक्षाचं. भरदुपारी मुखवटे घातलेले तिघे निळ्यांच्या घरात शिरतात. सिनेमात व्हर्ननचं घर त्या निळ्यांचं. म्हणजे पुढच्या हिरवळीवर प्रचाराची पाटी निळ्या पक्षाचीच हवी.

व्हर्नन जन्माचा लाल. घर त्याने सिनेमावाल्यांना दिलं, कारण बायको, नदीन, गेल्यापासून भिंतींकडे बघत जेवण्याचा त्याला कंटाळा आला होता. आठवडाभर पंचवीस माणसं घरात वावरतील, एवढाच त्याचा हिशेब. त्या हिशेबात निळी पाटी बसत नव्हती.

"आणि शेजारचा लाल काय करतो?" त्याने विचारलं.

"खिडकीतून सगळं बघतो आणि पडदा ओढून घेतो."

"हे मात्र बरोबर लिहिलंय," व्हर्नन म्हणाला.

शेजाऱ्यांबद्दल त्याला कुणी शिकवायला नको होतं. मागच्या झुडपांच्या कुंपणापलीकडे ऑरिन पेल राहायचा, पक्का निळा. तीस वर्षं दोघांचं इतकं गूळपीठ, की बर्फ उडवायचं यंत्रही दोघांत एक. एक हिवाळा याच्या गॅरेजात, एक त्याच्या. सहा वर्षांपूर्वी निवडणुकीच्या तोंडावर ऑरिनच्या अंगणातली निळी पाटी रातोरात नाहीशी झाली. ऑरिनने व्हर्ननचं नाव घेतलं. ती वाऱ्याने उडाली, असं व्हर्नन आजही सांगतो. सांगताना फक्त समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. यंत्र तेव्हा व्हर्ननकडे होतं. ऑरिन ते मागेना आणि व्हर्नन ते एकटा वापरेना. ओहायोतला बर्फ पडला की सत्तरी ओलांडलेले दोघेही एकमेकांकडे पाठ करून फावड्याने आपापली वाट मोकळी करायचे. नदीन गेली तेव्हा ऑरिन पायरीवर भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं ठेवून, घंटी न वाजवताच निघून गेला. व्हर्ननने भांडं घासून त्याच्या पायरीवर ठेवलं. घंटी त्यानेही वाजवली नाही. सहा वर्षांतली देवाणघेवाण म्हणाल तर एवढीच.

पाटी अखेर रोवली गेलीच. कागदावर व्हर्ननची सही होती. पण गल्ली रिकामी दिसावी म्हणून सिनेमाच्या गाड्या चर्चमागे लावलेल्या आणि सगळे तिकडेच जेवायला गेले, तेव्हा व्हर्ननने पाटी उपटली आणि गॅरेजात बर्फाच्या यंत्रावरच्या ताडपत्रीखाली सारली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारचं काम मागच्या दाराचं होतं.

तीन वाजता मुखवटेवाल्यांनी मागच्या दाराला पहार घातली. व्हर्ननला फ्रिजला टेकून गप्प उभं राहायला सांगितलं होतं. तिसऱ्या घावाला दार कोसळलं, आणि त्याच क्षणी झुडपं फाकवून ऑरिन पेल अंगणात घुसला. पायांत नुसते मोजे, हातात बर्फ उपसायचं फावडं.

आठवडाभर लेकीकडे राहून तो तासाभरापूर्वीच घरी परतला होता. चित्रीकरणाची आगाऊ सूचना देणारं पत्र त्याच्या पत्रपेटीत तसंच पडून होतं.

"व्हर्न, खाली बस, मी आलोय," असं ओरडत त्याने पहिल्या मुखवट्याच्या पाठीत फावडं हाणलं. दुसऱ्याने स्वतःच मुखवटा काढून हात वर केले. तिसरा टेबलाखाली गेला.

मग ऑरिनला दिवे दिसले. कॅमेरा दिसला. डेला धावत आली. मार खाल्लेल्या नटाच्या सदऱ्याखाली जाड गादी होती, तो हसत उठला. ऑरिनचे कान लाल झाले. त्याने फावडं पाठीमागे धरलं, जणू ते कुणाला दिसलंच नव्हतं. पंचवीस माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि सगळ्यांत जास्त व्हर्नन. आता काहीतरी कारण सांगणं भाग होतं. ते डेलानेच हातात दिलं. हा सिनेमा आहे आजोबा, ती म्हणाली, हे गोष्टीतल्या निळ्यांचं घर, म्हणून तर पुढे निळी पाटी लावलीय.

"पाटी," ऑरिनने शब्द वरच्या वर झेलला. "तीच तर बघितली ना मी. म्हटलं, म्हाताऱ्याला उशिरा का होईना अक्कल आली, आणि आता याचे लालवालेच याला धडा शिकवायला आलेत. आमचं एक मत वाया जाऊ नये म्हणून आलो. नाहीतर पडदा ओढून बसलो असतो."

व्हर्ननने त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. त्यांना झुडपांची कुसळं चिकटली होती. ऑरिनच्या स्वयंपाकघरातून फक्त हे मागचं दार दिसतं, पुढची हिरवळ नाही, हे इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला ठाऊक नसेल तर कुणाला? शिवाय पाटी तर जेवणाच्या सुट्टीपासून ताडपत्रीखाली होती. ऑरिन पेलला असा खोटं बोलताना पकडायची तो सहा वर्षं वाट बघत होता. उत्तर ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"लांबूनही उठून दिसते ती," तो म्हणाला. "बस, कॉफी घे."

ऑरिन बसला. एक घोट घेऊन म्हणाला, नदीन असती तर असलं पाणी कुणाला पाजू दिलं नसतं तिने. मग म्हणाला, झुडपांनी फार ओरबाडलंय, जाताना आपला पुढच्या दाराने जाईन.

"दुसरा कप संपवल्याशिवाय उठायचं नाही," व्हर्नन म्हणाला आणि त्याच्या हातातलं फावडं काढून घेऊन बाहेर पडला.

गॅरेजात जाऊन त्याने ताडपत्री उचलली. निळी पाटी आणून पुढच्या हिरवळीत आपल्या हाताने रोवली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून ऑरिनच्याच फावड्याने वरून दोन ठोके घातले.