मांडीतली जाळी

पडद्यावर बाबुलालचा डावा पाय नदीसारखा पसरला होता. कमरेपासून घोट्यापर्यंत पांढरी धार, आणि मांडीत मधोमध बोटभर काळोख. धार तिथं शिरत होती आणि दिसेनाशी होत होती.

बाबुलाल मनानं अजून एमआरआयच्या यंत्राच्या बोगद्यातच होता. आत निपचित पडल्यावर सारखी ठकठक चाललेली. जन्मभर तलावात मासे धरलेल्या त्याला वाटलं होतं, आज आपणच मासोळी. जाळ्याकडे हाकायला वर कुणीतरी डोंगा, आपली लाकडी होडी, बडवतंय.

"ते कारं काय हाये?" त्यानं काळोखाकडे बोट करून विचारलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं प्रेरणानं, त्याच्या दहावीतल्या नातीनं, त्याला हातवारे करकरून पुन्हा सांगितलं. सहा वर्षांपूर्वी रक्तनळी उघडी ठेवायला बसवलेली स्टेंट, म्हणजे तारेची बारीक जाळी, ती स्टीलची आणि दाट विणीची. स्टील चुंबकाचं चित्र बिघडवतं, दाट वीण आतल्या रक्ताची खबर बाहेर येऊ देत नाही. आता वेगळ्या धातूच्या, मोकळ्या विणीच्या निघाल्यात. त्यांच्या आतलं पुष्कळ दिसतं.

"मंग नस चालू हाये का बंद?"

"तेच तर दिसून नाही राहिलं, आबाजी."

बंद असली तर मांडी पुन्हा उघडायची. उशीर झाला असला तर पायच जायचा.

बाबुलालनं काळोखाच्या खाली, पांढऱ्या धारेवर बोट ठेवलं. "इथं तं पोचलं ना रक्त."

मोठी नळी बंद असली तरी रक्त आडवाटेनंही येतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. तलावाला पाळ, म्हणजे बांध, घातली तरी पाणी कुठून कुठून वाट काढतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बाई, बसवतानी मले विचारायचं होतं," उठता उठता तो म्हणाला. "इतक्या बारीक भोकांच्या फासाचं जाळं आमच्यात कोनी टाकत नाही."

डॉक्टरबाई हसल्या आणि सोमवारची सोनोग्राफी लिहून दिली.

गावी पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. बाबुलाल घरात गेलाच नाही. तलावाच्या पायरीवर बसून त्यानं दोन्ही पाय पाण्यात सोडले. प्रेरणाला म्हणाला, बोलू नको, हलू नको. पाणी निवळलं. बारीक मासोळ्या आल्या, उजव्या बोटांना टोचू लागल्या. डावी बोटं महिनाभरापासून बधिर होती.

त्यानं डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग डाव्या अंगठ्यापाशी काहीतरी थांबलेलं त्याला जाणवलं, ते मागं गेलं, आणि पुन्हा येऊन टोचलं.