एका दमातली हाक

माणच्या माळावर तित्तराची हाक घालावी तर नाथाजी मेंढक्यानंच. एका दमात सलग एकवीस हाका. खरी तित्तरंसुद्धा फसून समोर यायची.

"तित्तर जगतंय चार वर्सं," तो म्हणायचा, "पर दम बगा त्याचा."

त्याचा लेक बिरा मात्र सतराव्या हाकेलाच धापा टाकायचा. लढाईच्या दिवसांत तो पलटणीतनं ब्रह्मदेशात गेला. "सुट्टीवर आलो की ओढ्यातनंच हाक घालतो," असं सांगून गेला होता. पण सहा महिने झाले, त्याचं पत्रही आलं नव्हतं.

एका सकाळी ओढ्यातनं हाक आली. तिच्या शेवटाला घोगरा हेलकावा होता. पाखराचा नव्हे, बिराचाच.

नाथाजी ताठ उभा राहून बोटांवर मोजू लागला. सतरा झाल्या, एकवीस झाल्या.

"बापाला मागं टाकलं गड्यानं," म्हणत त्यानं मिशीला पीळ भरला.

तीस झाल्या. चाळीस झाल्या. मेंढरं चरायची थांबून ओढ्याकडं बघत राहिली. हाक एकदाही तुटली नाही.

मनुबाईनं मागनं येऊन नवऱ्याचा हात धरला.

"आवं," ती हळूच म्हणाली, "लेकराला जरा श्वास घ्यायला सांगा की."