दोन पट्ट्या

"खोटं बोलू नका, बा चिशिम्बा," नामविंगा म्हणाली. "चाळीस वर्षं रूळ बसवणारा माणूस असा सांधा बसवत नाही."

"बसवला ना," म्हातारा मुकादम म्हणाला. "लिहा माझं नाव आणि मोकळ्या व्हा, मॅडम."

त्यांच्या पुढ्यात रूळ कोयत्यासारखा वाकून पडला होता. काल दुपारी दोनच्या उन्हात प्रवासी गाडी इथेच घसरली. चार डबे मक्याच्या रिकाम्या शेतात आडवे झाले. उतारू हातपाय मोडण्यावर निभावले, कारण ड्रायव्हर साकालाने शेवटपर्यंत ब्रेक सोडला नाही. गेला तो एकटा. आणि सकाळपासून वरच्या कचेरीतून फोन चालू होते: गाडीचा वेग जास्त होता, असं लिहून टाका. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे तो सगळ्यांच्याच सोयीचा.

अपघाताच्या तपासाला आलेली नामविंगा असल्या फोनना भीक घालत नसे. उजाडल्यापासून गुडघे टेकून तिने एकेक सांधा मोजला होता, आणि दोष नेमका जूनमधल्या दुरुस्तीत सापडला होता. दोन रुळांच्या टोकांमध्ये फट ठेवावी लागते. ती मोजायला इथल्या प्रत्येक मुकादमाच्या गळ्यात दोन लोखंडी पट्ट्या असतात. ऑक्टोबरच्या उन्हासाठी पातळ, जूनच्या थंडीसाठी जाड; विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून म्हणजे ऐन हिवाळा. जूनच्या गारठ्यात इथे पातळ पट्टी घातली गेली होती. मग ऊन तापल्यावर रुळाला पसरायला जागाच उरली नाही.

तिने मुकादमाच्या गळ्यातली दोरी हातात घेतली. पातळ पट्टी वापरून चकचकीत झाली होती. जाड पट्टी मात्र फडक्यात गुंडाळून गाठ मारून ठेवली होती.

"ही का बांधून ठेवलीत?"

"गंजते म्हणून."

"चाळीस वर्षं नाही गंजली ती!" मागून रूळकामगारांच्या टोळीतला मुसोंदा म्हणाला.

"तुझं तोंड कधी बंद राहिलंय का रे?"

"राहिलं की, जूनमध्ये. आपली सगळ्यांचीच राहिली. कागद दाखवा, बा, नाहीतर मी सांगतो."

बा चिशिम्बांनी नाइलाजाने टोपी काढली. टोपीच्या अस्तरातून घडी केलेला कागद निघाला. वर्षभर तो टोळीच्या खोपटात खिळ्याला टांगलेला होता. मागच्या ऑक्टोबरचा हुकूम: 'यापुढे सर्व सांध्यांना पातळ पट्टीच वापरावी.' उन्हाळ्यापुरता हुकूम होता तो, पण 'उन्हाळ्यापुरता' एवढा एकच शब्द लिहायचा राहिला होता. खाली तेव्हाच्या इंजिनियरची सही आणि शिक्का.

नामविंगाने कागद वाचला. मग ती तिथेच रुळाखालच्या स्लीपरवर बसली.

"हा लपवलात कशाला?"

"मेलेल्यावर ढकलायचं नाही, असं म्हणणारं त्या कचेरीत एकच माणूस आहे. तेच घालवून कसं चालेल?" म्हाताऱ्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "आणि हात माझेच होते, मॅडम. फट चुकतेय हे गारठलेल्या बोटांनाही कळत होतं. दोन पट्ट्या जन्मभर गळ्यात बाळगल्या आणि एका कागदापुढे गप्प बसलो."

अशा माणसासमोर मान वर करून बसणं सोपं नसतं. तिने खालमानेनेच बॅगेतून अहवालाचा फॉर्म काढला आणि ट्रॉलीवर पसरला. फोन पुन्हा वाजला. तिने तो मुसोंदाच्या हातात दिला.

"सांग त्यांना, मॅडम लिहितायत."

"खाली माझ्यासाठी जागा ठेवा," बा चिशिम्बा म्हणाले.

"ठेवते."

फॉर्मच्या डोक्यावर तपास अधिकाऱ्याचं नाव होतं, हुकमाखालच्या सहीतलंच: नामविंगा हाचिबोला. 'जबाबदार कोण' या रकान्यात तिने सर्वांत आधी तेच नाव लिहिलं.