चौकातली सावली

१९७८च्या उन्हाळ्यात पंचवटीतल्या चित्रकला शिक्षक वाल्मीक पगारेंनी एका इटालियन मासिकातलं आधुनिक चित्र फ्रेम करून घरात लावलं. चित्रात ओसाड चौक होता, उंच कमानी होत्या आणि इमारतीआडून पुढे आलेली कोणाची तरी लांब सावली होती. माणूस मात्र कुठेच नव्हता.

"माणूस न काढता त्याची भीती काढलीय, हेच यातलं नवेपण," ते बायकोला म्हणाले.

"काल ती सावली कमानीपाशी होती," मालनबाई म्हणाल्या. "काढून टाका ते."

पगारे हसले, पण त्यांनी सावलीच्या टोकाशी काचेवर शाईचा ठिपका दिला. सकाळी सावली ठिपक्याच्या बोटभर पुढे होती. तिसऱ्या दिवशी ती फ्रेमच्या कडेला टेकली.

रविवारी दुपारी चित्र उतरवायला ते स्टुलावर चढले. स्टूल डगमगलं.

"मालन, धर गं जरा."

स्टूल घट्ट धरलं गेलं. पगारेंनी चित्राकडे पाहिलं. चौकात नुसतं ऊन होतं.

"अगं, सावली गेली!"

"आले, आले," स्वयंपाकघरातून मालनबाईंचा आवाज आला. "चहा गाळतेय."

खाली स्टुलावरची पकड आणखी घट्ट झाली.