टोपीवालीचा शेवट

तोंडात कापसाचे बोळे असले की माणसाला नाही म्हणता येत नाही, हे दातांचे डॉक्टर पुरते ओळखून होते. म्हणूनच गावच्या बंद थिएटरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरला खुर्चीत आडवं केल्यावर त्यांनी बातमी फोडली. बोटीचा सिनेमा सापडला होता. हॉलिवूडचा, काळा-पांढरा, त्या टोपीवाल्या नटीचा! जगातून नाहीसा झाला असं ज्याच्याबद्दल म्हणायचे, तोच आता धुऊनपुसून लख्ख झाला होता आणि रविवारी गावच्या सभागृहात लागणार होता.

"पहिल्या रांगेत तुम्ही दोघं नवरा-बायको," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला तो दाखवलात तुम्हीच."

ऑपरेटरने नुसतं अं-अं केलं. डॉक्टरांनी तो होकार धरला.

टोपीवालीच्या वेड्यांचं मंडळ दर रविवारी दवाखान्याच्या बाकांवर भरायचं. शिंपीणबाई टोपीवाली हातमोजा कसा काढते ते करून दाखवायच्या, तेही एकेक बोट सावकाश सोडवत. टोपी डावीकडे कलते की उजवीकडे, यावरून दोन साडूंनी वर्षभर अबोला धरला होता. पण शेवटावर सगळ्यांचं एकमत. डेकवर ती दोघं नाचतात, बंदराचे दिवे जवळ येत जातात आणि सिनेमा संपतो. डॉक्टरांनी तर तो शेवट बघून घरी जाता जाताच आपल्या बायकोला लग्नाची मागणी घातली होती.

सिनेमा तिथे संपत नाही, हे एकट्या ऑपरेटरला ठाऊक होतं.

आणखी एक रीळ होतं. त्यात बोट खडकावर आपटते आणि टोपीवाली बुडते. सिनेमाचे डबे पहिल्यांदा थिएटरात आले त्या सकाळी त्याने केबिनमध्ये एकट्याने ते बघितलं होतं. खाली तिकीटखिडकीवर नवी मुलगी लागली होती. तिची धाकटी बहीण त्याच महिन्यात नदीत बुडून गेली होती. गल्ला मिटवला की ती मागच्या दारात उभी राहून सिनेमाचा शेवट बघायची. तिला हे कसं दाखवायचं? त्याने शेवटचं रीळ लावलंच नाही. त्यातली 'दि एन्ड'ची पट्टी तेवढी कापून आधीच्या रिळाला चिकटवली. घाईत जोड वाकडा बसला. पण मुलगी हसत बाहेर आली. पुढे ती त्याची बायको झाली.

थिएटर बंद पडलं. बाकीच्या रिळांचं काय झालं देव जाणे. ते एक रीळ मात्र त्याने पत्र्याच्या डब्यात घालून घरी माळ्यावर दडवलं, चुलीपासून लांब. त्या काळची फिल्म म्हणजे बंदुकीची दारूच. केबिनमध्ये कुणी विडी पेटवली तर मालक कानाखाली जाळ काढायचा. आणि घरच्या स्वयंपाकघराचा काय भरवसा? मागे एकदा बायकोच्या हातून खिडकीचा निळ्या चौकटींचा पडदा पेटला होता, तेल भडकलं म्हणाली. भिंत अजून काळी होती.

आठवडाभर मंडळ नुसतं हवेत होतं. शिंपीणबाईंनी सगळ्यांसाठी कलत्या टोप्या शिवल्या. दोन्ही साडू बोलायला लागले, लगेच भांडायलाही लागले. ऑपरेटर मात्र रविवार टाळायची वाट शोधत होता. आता टोपीवाली बुडताना बायको बघणार, आणि नवऱ्याने जन्मभर फसवलं हेही तिला कळणार. तिने येऊ नये म्हणून त्याने तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचा विषय काढला, सभागृहातल्या थंडीचा काढला.

"अहो, त्या बोटीच्या भरवशावर तुमच्याशी लग्न केलंय मी," बायको म्हणाली. "थंडीचं काय कौतुक सांगता?"

शेवटी त्याने ठरवलं, सिनेमा संपला की चारचौघांत डबा पुढे करायचा आणि माफी मागायची. त्याने डबा माळ्यावरून उतरवला. वाटला होता त्याहून हलका लागला. जुनी फिल्म वाळते, असं म्हणून त्याने तो पिशवीत टाकला.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टोपीवालीने हातमोजा काढला तेव्हा तमाम बायकांची बोटं हलली. डेकवरचा नाच सुरू झाला. ऑपरेटरने बायकोचा हात घट्ट धरला. बंदराचे दिवे जवळ आले. आता खडक.

चित्राला किंचित हिसका बसला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'दि एन्ड'. जराशी वाकडी.

तो त्याचाच जोड होता. टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं, डॉक्टर तर चक्क रडत होते.

फिल्म दुरुस्त करणाऱ्या बाई मंचावर आल्या. अख्ख्या जगात ही एकच प्रत उरली आहे, त्या म्हणाल्या, आणि ती याच गावातल्या बंद थिएटरच्या तळघरात मिळाली. फक्त जुन्या कागदांत आणखी एका रिळाची नोंद आहे. ते पाहिलेला माणूस आज जगात कुणी सापडत नाही.

"ते कुणी आणून दिलं, तर त्याचे पाय धुऊन पाणी पिईन मी," बाई म्हणाल्या.

ऑपरेटर पिशवी घेऊन उठला. बायकोने त्याची बाही ओढली.

"बसा," ती हळूच म्हणाली. "तो डबा इथे उघडू नका."

डब्याबद्दल तो तिच्याशी कधी चकार शब्द बोलला नव्हता. तो खाली बसला, पिशवीत हात घालून त्याने झाकण सरकवलं. आत निळ्या चौकटींचा पडदा गुंडाळून ठेवला होता, एका कडेने जळालेला.

"चुलीत घालायच्या आधी खिडकीशी धरून एकेक चित्र बघितलं होतं मी," समोर बघत, टाळ्या वाजवत बायको म्हणाली. "बुडत होती हो. म्हटलं, एकीला तरी वाचवावं."