देवीला सोडलेला कोंबडा

पांढरे झगे घातलेली माणसं शेजारच्या अंगणातून निघाली, तसा गोदूबाईनं कोंबडा कवेत घेतला नि डालग्याखाली झाकला. बर्ड फ्लूपायी गावात एकही कोंबडी ठेवायची नव्हती. पण हा काही कालवणाचा नव्हता. लेकीची कूस उजवावी म्हणून देवीला सोडलेला होता.

"त्याला हात लावाल, तर देवी कोपेल!"

"मावशी, हा ताप माणसात शिरला, तर पोटुशीला सोसायचा नाही हो," जनावरांची डॉक्टरीण काकुळतीला आली.

"देवीचा जीव आहे तो. त्याला काय धाड भरलीय!"

तेवढ्यात भरल्या पोटाची लेक मूठभर दाणे घेऊन बाहेर आली. "आई, सकाळपासून यानं मान टाकलीय गं," म्हणत ती डालग्याकडे वाकली.

गोदूबाई किंचाळली, "मागं हो! आत जा नि कडी लाव. मी त्याला कवळलंय, आता माझी सावलीसुद्धा नको तुला."

तिनं स्वतःच डालगं त्या माणसांपुढे सरकवलं. मग देवळाच्या टेकडीकडे वळून ठणकावलं, "तूच दिलेलं लेकरू राखतेय मी. कोपायचंच असेल, तर मला एकटीला गाठ!"